गावच्या शाळेसाठी लोकवर्गणी : पहिल्या बैठकीपासून शेवटच्या पावतीपर्यंत

मृगाचा पाऊस लागला की आमच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात आठ ठिकाणी गळायचं. मुलं कोरडी जागा बघून दप्तर मांडीवर घेऊन बसायची. बाई आधी फरशीवरचं पाणी काढायच्या, मग फळा पुसायच्या. ते छप्पर आम्ही लोकवर्गणीतून बदललं, फरशी घातली, मुलींचं स्वच्छतागृह बांधलं. पण त्याआधी सात वर्षांपूर्वी याच गावात शाळेच्या कुंपणभिंतीसाठी वर्गणी काढली होती, आणि ती आमच्या अंगाशी आली होती.

तेव्हा पाच पावतीपुस्तकं छापली होती. कुणाला कुठलं पुस्तक दिलं याची नोंद कुणीच ठेवली नाही. चार परत आली, पाचवं आलंच नाही. पैसे कुणी खाल्ले असं मला आजही वाटत नाही. ते पुस्तक बहुधा कुणाच्या तरी घरात कपाटावर पडलं असेल. भिंत उभी राहिली, पण हिशेब पुरा झाला नाही आणि पारावर चर्चा सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं शाळेसाठी चार पैसे मागायला कुणाच्या दारात उभं राहायची आमची छाती झाली नाही. दुसऱ्या वेळी सगळी सुरुवात आम्ही हिशेबाच्या वहीपासून केली. लोक द्यायला मागेपुढे पाहत नाहीत, दिलेल्याचं काय झालं हे न कळल्यानं ते हात आखडतात. खाली जे लिहिलंय ते सगळं याच अनुभवातून आलंय.

आधी सरकारचं दार ठोठवा

बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो : शाळा सरकारची, मग आपण पैसे का काढायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कागदावर असलं पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीची मागणी पाठवा. ग्रामपंचायतीलाही वेगळा अर्ज द्या, कारण वित्त आयोगाच्या निधीतून शाळेची काही कामं विकास आराखड्यात घेता येतात. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. यात महिना-दीड महिना जातो, तो जाऊ द्या. आमच्या अर्जावर स्वच्छतागृहासाठी पाण्याची जोडणी ग्रामपंचायतीनं करून दिली. तेवढा खर्च वाचला, आणि गावाला दिसलं की आम्ही आधी तिकडे जाऊन आलोय.

दुसरी गोष्ट परवानगीची. इमारत जिल्हा परिषदेची असते. छप्पर उतरवायचं, भिंत पाडायची, नवीन काही बांधायचं, तर लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. खोली फारच मोडकळीला आली असेल तर तिचं निर्लेखन, म्हणजे वापरातून बाद ठरवणं, आधी मंजूर व्हावं लागतं, आणि मोडीत निघालेल्या सामानाचीही नोंद लागते. जुने पत्रे भंगारवाल्याला परस्पर विकले तर चौकशी मुख्याध्यापकांची होते. परवानगीच्या निमित्तानं कनिष्ठ अभियंत्यांना एकदा शाळेत आणा. आम्ही नुसते पत्रे बदलणार होतो. त्यांनी दोन वासे ठोकून पाहिले आणि आतून कुजलेले निघाले.

आकडा कसा काढायचा

‘शाळेच्या विकासासाठी’ म्हणून पैसे मागू नका. विकास कुणाला डोळ्यासमोर दिसत नाही, पत्रा दिसतो. प्रत्येक कामाची तीन कोटेशनं घ्या आणि ती फाइलला लावा. आमचा आकडा असा निघाला : पत्रे आणि लाकूडकाम १,२०,००० रुपये, फरशी ६५,०००, मुलींचं स्वच्छतागृह आणि टाकी ९५,०००, वायरिंग आणि पंखे २५,०००. बेरीज ३,०५,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीसाठी धरले, ३०,५००. एकूण ३,३५,५००. हे दहा टक्के धरायला लाजू नका. कुजलेल्या वाशांचे पैसे आम्ही त्यातूनच दिले.

मग हाच आकडा उलट्या बाजूनं मांडायचा : कुणाकडून किती येऊ शकतात? गावात १४० उंबरे. सरासरी ५०० धरले तर ७०,०००. मुंबई-पुण्यात नोकरीला असलेली साठेक माणसं, सरासरी २,००० धरून १,२०,०००. थोडी मोठी रक्कम देऊ शकतील अशी पाच घरं, प्रत्येकी १५,००० धरून ७५,०००. वाळू, सिमेंट, ट्रॅक्टरच्या खेपा आणि श्रमदान यांची किंमत ४०,०००. उरलेले ३०,५०० जत्रेच्या दिवशी जमवायचे. दोन्ही बेरजा जुळल्या तेव्हाच आम्ही ग्रामसभेत बोललो. तुमची जुळत नसेल तर काम दोन टप्प्यांत घ्या. पहिल्यांदा नुसतं छप्पर.

मोठ्या पाच घरांकडे आधी जावं असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. एकाच माणसाचे पन्नास हजार पडले की बाकीचे म्हणतात, ‘झालं की मग, आमच्या शंभराचं काय काम?’ आणि शाळा त्या एकट्याची होऊन बसते. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तो माणशी एक पैसा मागत फिरून, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाचा आधार होता : घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. मूठभर का होईना, घरातून गेलं की ते घर त्या शाळेकडे लक्ष ठेवतं.

पैसे कुणाच्या नावावर जमा होणार

हे पावतीपुस्तक छापायच्या आधी ठरवा. दोन वाटा आहेत.

पहिली, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार ही समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि आपल्याकडे मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. सरकारी कागदांत या वर्गणीला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. समितीच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत अध्यक्ष आणि सदस्य-सचिव यांच्या संयुक्त सहीचं वेगळं बचत खातं ठेवा. सरकारी अनुदान येतं त्या खात्यात लोकवर्गणीचा रुपयाही मिसळू नका.

दुसरी वाट माजी विद्यार्थी मंडळ किंवा गावातलं एखादं मंडळ. मंडळ नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच ही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि काम झाल्यावर हिशेब सादर करावा लागतो. हे टाळून वर्गणी गोळा करू नका.

आमच्याकडे समितीची वाट सोपी पडली. क्यूआर कोडही त्याच खात्याचा घेतला. गावातला तरुण उत्साहानं म्हणतो, ‘माझ्याच फोनवर टाका, मी नंतर भरतो.’ त्याची दानत चांगली असते, पण त्याच खात्यातून त्याचं पेट्रोल आणि मोबाइलचं रिचार्जही जातं, आणि महिन्यानं त्यालाच ताळा लागत नाही. पैसे पाठवायच्या आधी फोनवर समितीचंच नाव दिसलं पाहिजे, हे देणाऱ्यांनाही सांगून ठेवा.

पावती

पावतीपुस्तकं क्रमांक टाकून छापा. एका वहीत लिहा : पुस्तक क्रमांक, पावती अमुक ते तमुक, कुणाला दिलं, तारीख, सही. परत आल्यावर पुन्हा सही. एका माणसाकडे एका वेळी एकच पुस्तक. ते भरून, पैसे बँकेत जाऊन, स्लिप जोडल्यावरच दुसरं. जमलेली रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत गेली पाहिजे. त्या रोकडीतून परस्पर खर्च करायचा नाही, दहा रुपयांचा चहासुद्धा नाही. चहाचा खर्च आम्ही सातजणांनी आपापल्या खिशातून वेगळा काढला होता.

पावतीवर नाव, रक्कम अंकी आणि अक्षरी, रोख की ऑनलाइन, कशासाठी, आणि घेणाऱ्याची सही. फोनवरून पैसे आले तरी कागदी पावती फाडा आणि तिचा फोटो पाठवा. वस्तू मिळाली तर पावतीवर वस्तूच लिहा, ‘सिमेंट, दहा पोती’ अशी. पंखा, कपाट, टाकी असं टिकाऊ काही असेल तर ते शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवायला मुख्याध्यापकांना सांगा. नाही तर दोन वर्षांनी बदली होऊन आलेल्या नव्या गुरुजींना पंखा कुणाचा हे कळणार नाही.

आणि नाव विचारून लिहा. खालच्या आळीत एका आजींकडे गेलो होतो. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, त्यातून घडी घातलेल्या दहाच्या पाच नोटा काढल्या आणि एकेक उलगडून माझ्या हातात मोजल्या. मी सवयीनं त्यांच्या मालकांचं नाव लिहायला घेतलं. त्यांनी पेनावर हात ठेवला. म्हणाल्या, “बाबा, हे माझ्या कोंबड्यांचं पैसं हाईत. माझं नाव घाल.” मी ती पावती रद्द करून दुसरी फाडली. त्यांना वाचता येत नव्हतं; बोट ठेवून विचारलं, “ह्यात माझं नाव कुठलं?” मी दाखवलं. त्यांनी पावतीची घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवली. त्या दिवसानंतर आम्ही कुटुंबप्रमुखाच्या नावानं सरसकट पावती फाडणं बंद केलं. एका घरातून तीन-तीन पावत्या जाऊ लागल्या : सुनेची बचत गटाच्या पैशातली, नातवाची पिगीबँकेतली.

कधी आणि कसं जायचं

छपराचं काम मे महिन्यातच होतं. शाळेला सुट्टी असते आणि ७ जूनच्या आसपास मृग लागतो. म्हणून दिनदर्शिका मागून मांडा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आकडा आणि कोटेशनं वाचून दाखवा आणि ठराव घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघर फिरा. तेव्हा ज्वारी-हरभरा घरात येतो, उसाची बिलं निघालेली असतात. चैत्रातली जत्रा मुंबईकरांना गाठायची वेळ. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आल्यावर दिवाळीनंतर निघा, कोकणात गौरी-गणपती आणि शिमग्याला. आमच्याकडे एकदा कुणीतरी जुलैत फिरायचा विषय काढला होता. पेरणीत सगळे पैसे मातीत गेलेले असताना दारात उभं राहणं म्हणजे समोरच्याला ‘नाही’ म्हणायला लावणं.

संध्याकाळी डेअरीवर दूध घातल्यानंतर जा. दोघांनी जा, त्यातली एक बाई असू द्या. ज्या घरात नुकतं दुःख झालंय ते घर सोडा. पावतीपुस्तक पहिल्यांदा पिशवीतच ठेवा. आधी गळक्या वर्गाचा फोटो आणि एका पानाचा अंदाज दाखवा. आम्ही एवढंच बोलायचो : “काकी, शाळेच्या छपराचं काम काढलंय. एका पत्र्याला बसवून इतके पडतात. तुमच्या मनाला येईल ते द्या, आज नाही जमलं तरी चालेल. पंधरा ऑगस्टला सगळा हिशेब शाळेत वाचणार आहे, ऐकायला मात्र या.” शेजाऱ्यानं किती दिले हे विचारलं तरी सांगू नका. घरटी ठराविक पट्टी लावू नका. पट्टी लावली की ती वसुली होते, आणि ज्याची ऐपत नाही तो माणूस तोंड चुकवायला लागतो. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना श्रमदानाचे दिवस सांगा आणि त्या दिवसांचीही नोंद पावतीसारखीच करा.

मुलांना वर्गणी मागायला पाठवू नका. गरीब मुलांचे चेहरे दाखवून व्हॉट्सॲपवर आवाहन टाकू नका. छपराचा फोटो पुरतो.

जत्रेत आम्ही देवळासमोर टेबल मांडलं, पाच नारळांचा लिलाव केला आणि बचत गटाच्या बायकांनी पिठलं-भाकरीचा स्टॉल लावला. पीठ, बेसन, तेल सगळं घरचं, त्यामुळे विक्रीचा पैसा पूर्ण शाळेला आला. ऑर्केस्ट्रा आणायची सूचना आली होती, ती आम्ही नाकारली. ज्या कार्यक्रमाला आधी पैसे घालावे लागतात त्यातून हातात काय उरेल याची खात्री नसते.

मुंबईकर, पुणेकर आणि परदेशातले

प्रत्येक गावाचं मुंबईत कुठे ना कुठे ग्रामस्थ मंडळ असतं. फोनवर न मागता एका रविवारी दोघांनी तिकडे जाऊन बसा. आम्ही जाताना जुन्या हजेरीपटातल्या वर्गवार याद्या नेल्या होत्या. ‘सातवीची ९४ ची बॅच’ म्हटल्यावर लोकांनी एकमेकांना फोन लावले, आणि एकेका बॅचनं एकेक खोलीची फरशी अंगावर घेतली.

शहरातून हमखास विचारणा होते : ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, मिळेल का? शाळेच्या साध्या पावतीवर करसवलत मिळेल असं कुणालाही सांगू नका. सवलत हवी असणाऱ्यानं ती मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावं, आणि तसं असेल तर त्या संस्थेशी आधी लेखी बोलणी करा. देणाऱ्यालाही चार गोष्टी माहीत हव्यात. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेल्या देणगीवर मिळत नाही. वस्तूंवर मिळत नाही. आणि नुसत्या पावतीनं भागत नाही. संस्थेनं देणगीची माहिती आयकर खात्याला कळवून दिलेलं प्रमाणपत्र लागतं. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण बोलण्यात ८०जीच राहिलंय.

परदेशातल्या पैशाची बाब नाजूक आहे. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला गावचा मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे पैसे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, परदेशी योगदान ठरतात. ते घ्यायला २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणी असलेल्या संस्थेचं त्यासाठीचं खातंही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच असावं लागतं. गावच्या शाळा समितीकडे हे असत नाही. म्हणून पासपोर्ट कुठला हे प्रेमानं पण स्पष्ट विचारा. एका दादांना आम्हाला नाही म्हणावं लागलं. त्यांना आधी वाईट वाटलं. भावाच्या खात्यातून फिरवून देतो म्हणाले, तेही आम्ही नको म्हटलं. सुट्टीला आले तेव्हा ते आठ दिवस श्रमदानाला उभे राहिले.

काम सुरू झाल्यावर

छपराचे पूर्ण पैसे खात्यात पडल्याशिवाय जुना पत्रा उतरवू नका. अर्धं छप्पर उघडं आणि वर ढग, ही वेळ कुणावर येऊ नये. मिस्त्रीला सगळी उचल एकदम देऊ नका; तीन हप्ते करा आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून वर्ग कोरडा राहिल्यावर द्या. हे करारात आधीच लिहून सही घ्या. सामान जीएसटी बिलावर घ्या, पैसे खात्यातून द्या. समितीतल्या कुणाच्या नातेवाइकाचं दुकान असेल तर त्याचं कोटेशन चालेल, पण त्या दिवशी तो सदस्य निर्णयाला बसणार नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

दर शनिवारी शाळेच्या फलकावर खडूनं तीन ओळी : आजवर जमा, आजवर खर्च, शिल्लक. हाच फोटो गावच्या आणि मुंबईच्या ग्रुपवर. या तीन ओळींमुळे आमच्याकडे न मागता पैसे आले. शिल्लक कमी दिसली की लोक आपणहून विचारायचे.

देणगीदारांची नावं लिहायची तर एकाच फलकावर, सारख्या अक्षरात, आडनावाच्या क्रमानं, रकमेशिवाय लिहा. पंख्याच्या पात्यांवर आणि बाकांवर नावं रंगवायला माझा विरोध आहे. ज्यांच्या घरच्यांना देता आलं नाही ती मुलंही त्याच पंख्याखाली बसतात.

हिशेब वाचन

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर, लोक पांगायच्या आत, हिशेब वाचा. आधी गावातल्या दोन तिऱ्हाईत माणसांकडून तपासून घ्या. आम्ही एक निवृत्त बँक कर्मचारी आणि एक बचत गटाच्या अध्यक्षा निवडल्या होत्या. जमेची बाजू पुस्तकवार वाचा, खर्चाची बिलवार. पासबुक, बिलं आणि पावत्यांच्या स्थळप्रती टेबलावर मांडून ठेवा, कुणालाही चाळू द्या. शंका आली की तिथल्या तिथे बिल काढून दाखवा. आम्हाला एकानं ट्रॅक्टरच्या दोन खेपा जास्त का, असं विचारलं. त्या खेपा जुनी माती उचलण्याच्या होत्या, वहीत होत्या, पण आम्ही वाचताना त्या गाळल्या होत्या. पुन्हा वाचल्या.

शिल्लक उरली तर तिथेच ठराव करून ती कशासाठी ठेवायची ते लिहून घ्या. आमच्याकडे ११,४०० रुपये उरले, ते पन्हळ साफ करायला आणि पत्र्याचे स्क्रू आवळायला, दर मे महिन्याला काढायचे असं ठरलं. मग सगळी पुस्तकं मोजा. कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक पावतीवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा, सह्या करा आणि गठ्ठा बांधून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. आमचा गठ्ठा नऊ पुस्तकांचा झाला, आणि या वेळी नऊच्या नऊ परत आली होती.